ओसाकाच्या तीन मुली आणि एक कॅसेट



आपल्याकडे बँड म्हटला की डोळ्यांपुढे काय उभे राहते? वरात येते, घोड्यावरचा नवरदेव येतो, लाल डगला घातलेले वाजंत्री येतात आणि त्यांच्यापुढे घामाघूम होऊन नाचणारी पोरे येतात. आज मी ज्या बँडविषयी बोलणार आहे, तो या जातीचा नव्हे. तो जपानातल्या ओसाका शहरातला. माणसे त्यात तीन, आणि तिन्ही बायका. एक गिटार, एक बेस म्हणजे खर्जातली गिटार, आणि एक ड्रम, एवढाच संसार. या बँडचे नाव ‘शोनेन नाइफ’.

तुम्ही म्हणाल, प्राध्यापकमजकूर, तुम्ही तालुक्याच्या गावी इतिहास शिकवता. तुमचा या भानगडीशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. संगीतातले मला फार कळते असे नाही. पण या तीन बायकांचे माझ्यावर एक कर्ज आहे. ते कसे झाले, ते आधी सांगतो.

पाचसहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन जवळ आले होते आणि सांस्कृतिक समितीचे काम माझ्या गळ्यात पडले होते. एके दिवशी द्वितीय वर्षाच्या तिघी मुली स्टाफरूमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांतली जरा धीट होती ती म्हणाली, “सर, आम्हाला वाजवायचंय.” एकीजवळ भावाची गिटार होती, दुसरीकडे कॅसिओ होता आणि तिसरी गल्लीतल्या मंडळाचा ड्रमसेट मागून आणणार होती. मी विचारले, “येतं का वाजवायला?” ती म्हणाली, “थोडंथोडं येतं, सर.” मी हसून म्हणालो, “मग आधी नीट शिका. पुढच्या वर्षी बघू.” तिघींची नावे मी समूहनृत्यात घातली. त्या नाचल्या, चांगल्या नाचल्या, टाळ्याही पडल्या. पुढचे वर्ष आले आणि गेले. त्या काही पुन्हा विचारायला आल्या नाहीत. मीही विसरलो.

मग एकदा पुण्याचा भाचा सुट्टीला आला. त्याने मोबाइलवर काहीतरी लावले आणि म्हणाला, “मामा, हे ऐक. जपानी आहे.” मी ऐकले. गिटारचा खडखडाट, ड्रमचा धडाका, आणि त्यावर शाळेतल्या मुलींनी वर्गात एका सुरात कविता म्हणावी तसा साधा, सरळ, बिननखऱ्याचा आवाज. मी म्हटले, “अरे, यांना धड वाजवता तरी येतं का?” भाचा म्हणाला, “सुरुवातीला येतच नव्हतं. तीच तर गंमत आहे!” त्या वाक्याने मला त्या तिघी आठवल्या. मग मी या बँडची माहिती काढू लागलो. आज जे सांगतो आहे ते त्यातलेच.

१९८१ साल. ओसाका हे जपानातले व्यापाऱ्यांचे शहर. टोकियोला राजधानीचा रुबाब. ओसाकाच्या लोकांची ख्याती खाण्यापिण्याची, थट्टामस्करीची आणि रोखठोक बोलण्याची. या शहरात नाओको यामानो नावाची एकवीस वर्षांची मुलगी राहत होती. लहानपणापासून तिला परदेशी गाण्यांचा नाद. आधी बीटल्स, आणि मग न्यूयॉर्कचे रामोन्स. या रामोन्सची गंमत अशी की, त्यांची गाणी दोनअडीच मिनिटांत संपत आणि त्यांना तीनचार कॉर्ड पुरत. कॉर्ड म्हणजे काय? पेटीवर तीन पट्ट्या एकदम दाबून धरल्या की जो भरीव आवाज निघतो, तो कॉर्ड. अशा तीनचार आवाजांवर अख्खे गाणे उभे करायचे. बीटल्स ऐकून माणसाला वाटते, हे आपल्याला कुठले जमायला; रामोन्स ऐकून वाटते, हे आपल्यालाही जमेल की! हा फरक फार मोठा आहे. शिक्षकांना तो लगेच समजेल. काही गुरुजींचा तास ऐकून मुले थक्क होतात आणि गप्प बसतात. काहींचा ऐकून ती पाटी पुढे ओढतात.

नाओकोने गिटार घेतली. मिचिए नाकातानी ही तिची कॉलेजातली मैत्रीण. तिच्याकडे बेस आला. राहिला ड्रम. तो नाओकोच्या धाकट्या बहिणीच्या, आत्सुकोच्या वाट्याला आला. डिसेंबर १९८१ च्या अखेरीस तिघींचा बँड झाला आणि पुढच्या मार्चमध्ये ओसाकातच त्यांनी पहिला कार्यक्रम केला. म्हणजे मध्ये गेले जेमतेम तीन महिने! मी त्यांना “पुढच्या वर्षी बघू” असेच म्हणालो असतो.

नावाचीही एक गोष्ट आहे. जपानीत ‘शोनेन’ म्हणजे मुलगा, पोरगा. ‘शोनेन नाइफ’ हे खिशात ठेवायच्या एका चाकूच्या छापाचे नाव. पोरसवदा शब्दाला चाकूचे पाते जोडलेले. ऐकायला निरागस, हात लावला तर धार. तीन मुलींनी मुलाच्या चाकूचे नाव घ्यावे, यातही थोडी मिस्किली आहेच.

आता त्या काळच्या जपानची थोडी कल्पना द्यायला हवी, नाहीतर यात विशेष काय, असे वाटेल. १९८० च्या दशकात जपान श्रीमंत होत होता. मोटारी, रेडिओ, टेप जगभर जात होते. मुली शिकत होत्या, कचेऱ्यांत नोकरीला लागत होत्या. पण कसल्या नोकरीला? कागदांच्या नकला काढायच्या, टेलिफोन घ्यायचे, साहेबांना आणि त्यांच्या पाहुण्यांना चहा द्यायचा. या मुलींना ‘ऑफिस लेडी’ म्हणत. लग्न ठरले की राजीनामा द्यायचा, हा अलिखित नियम. आणि लग्न तरी केव्हा? तेव्हा तिथे एक कुचकट म्हण प्रचारात होती. नाताळचा केक २५ तारखेपर्यंत खपतो, त्यानंतर त्याला कोणी विचारत नाही; मुलीचेही पंचविशीनंतर तसेच! नोकरीत स्त्रीपुरुषांना समान संधी देण्याचा कायदा तिथे १९८५ साली झाला आणि १९८६ पासून अमलात आला. कायदा झाला म्हणून चहाचा ट्रे लगेच हातातून सुटला, असे मात्र नाही. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

असल्या जगात नाओको आणि मिचिए दिवसा नोकरी करीत आणि उरलेल्या वेळात वाजवीत. एक वर्ष नाही, दोन वर्षे नाही. जवळजवळ दहा वर्षे. आत्सुको ड्रम वाजवी आणि कार्यक्रमाचे कपडेही तीच बेतून शिवी. तिघींचे सारखे, भडक रंगांचे. कंपनी नाही, जाहिरात नाही, दर्जी नाही.

आणि गाणी कशावर? इथे खरी मजा आहे. रॉक म्हटले की प्रेमभंग, बंड, दारू, मोटारगाडी, रात्रीचा रस्ता. हे सगळे पुरुषांचे सामान. या मुलींनी ते घेतलेच नाही. त्यांनी गाणी केली आइस्क्रीमवर, जेलीच्या गोळ्यांवर, केळ्याच्या वेफर्सवर, मांजरावर, हत्तीवर, सायकल चालवण्यावर, रॉकेटात बसून केलेल्या सफरीवर. एक गाणे तर भांडी घासायच्या घासणीवर आहे! जपानात कासवछाप घासणी म्हणून प्रसिद्ध आहे, काथ्याची, हातात मावेल एवढी. आपल्याकडे आपण नारळाच्या शेंडीने भांडी घासत असू, तसलाच प्रकार. त्या घासणीला त्यांनी गाण्यात बसवले, आणि तेही खलाशांच्या गाण्याच्या ढंगात.

कुणी म्हणेल, हे कसले काव्य? मलाही प्रथम तसेच वाटले. मग विचार केला, आपल्या बायकांनी जात्यावर काय गायिले? दळण, सूप, दारची तुळस, माहेरची वाट, भाऊ, बैल. हाताशी जे होते तेच गायिले. विद्वानांनी त्याला काव्य म्हणायला बराच वेळ घेतला, इतकेच. ओवीत दुःख मुरलेले असते आणि या जपानी गाण्यांत ते फारसे नाही, हा फरक मी नाकारीत नाही. पण ज्या मुलीला दिवसभर दुसऱ्याच्या सांगण्यावरून कागद हलवायचे आहेत, तिने संध्याकाळी आपल्याला आवडणाऱ्या गोळीवर गाणे रचायचे आणि ते मोठ्यांदा, कर्कश गिटारवर म्हणायचे, याला मी पोरकटपणा म्हणायला तयार नाही.

आता कॅसेटकडे येऊ. शोनेन नाइफने १९८२ साली घरगुती पद्धतीने एक कॅसेट काढली. १९८३ साली एका छोट्या जपानी कंपनीने त्यांची ‘बर्निंग फार्म’ नावाची तबकडी काढली. लहान तबकडी, थोडी गाणी. ती पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिकेत पोचली. तिथे वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन राज्य आहे आणि त्याची राजधानी ऑलिंपिया. राजधानी म्हणायची, पण गाव लहानच. तिथल्या काही तरुण मंडळींनी ‘के रेकॉर्ड्स’ नावाची हौशी कंपनी काढली होती. कॅल्विन जॉन्सन तिचा संस्थापक. या लोकांचे तत्त्व असे की, गाणे गायला कोणाची परवानगी लागत नाही आणि वाद्यावर हुकमत यायची वाट बघायचेही कारण नाही. त्यांनी १९८५ साली ‘बर्निंग फार्म’ कॅसेटच्या रूपात अमेरिकेत काढली.

माझ्या वयाच्या श्रोत्यांना कॅसेटची करामत आठवत असेल. एकाने विकत घ्यायची, दहा जणांनी उतरवून घ्यायची. फीत अडकली की पेन्सिल घालून फिरवायची. मैत्रीण मैत्रिणीला देते, ती भावाला देते, भाऊ हॉस्टेलवर नेतो. वर्तमानपत्रात एक ओळ न छापता गाणे गावोगाव जाते. ओसाकाच्या तिघी कचेरीत बसल्या होत्या आणि त्यांचा आवाज हजारो मैलांवर असा हातोहात फिरत होता. १९८६ साली सिअ‍ॅटलच्या ‘सब पॉप’ कंपनीने आपल्या पहिल्या संग्रहात त्यांचे एक गाणे घेतले. १९८९ साली तर कमालच झाली. अमेरिकेतल्या बऱ्याच बँडांनी मिळून शोनेन नाइफची गाणी आपापल्या पद्धतीने गाऊन त्यांचा एक संग्रह काढला. असा मान सहसा म्हाताऱ्या किंवा दिवंगत कलावंतांना मिळतो. आणि या तर अजून नोकरी करीत होत्या!

ऑलिंपियाला त्या दिवसांत एक तरुण राहत असे. कर्ट कोबेन त्याचे नाव. जवळच्याच अ‍ॅबर्डीन या लाकूडतोडीच्या गावातला. त्याचा बँड होता ‘निर्वाणा’. शब्द आपल्याकडचाच, निर्वाण. के रेकॉर्ड्सचे त्याला इतके वेड की, त्या कंपनीचे चिन्ह त्याने दंडाखाली गोंदवून घेतले होते. त्याने स्वतःच्या आवडत्या पन्नास तबकड्यांची एक यादी वहीत लिहून ठेवली होती. त्याच्या वह्या २००२ साली छापल्या गेल्या, त्यामुळे ती आज कोणालाही वाचता येते. तीत ‘बर्निंग फार्म’ आहे.

१९९१ च्या अखेरीस निर्वाणाचा दौरा इंग्लंड-स्कॉटलंडात ठरला. आपल्या आधी रोज रंगमंचावर कोणी वाजवायचे? कोबेनने बोलावले शोनेन नाइफला. नाओकोला निर्वाणा कोण हे तेव्हा ठाऊक नव्हते. फोटो पाहिला तर विस्कटलेले केस, फाटके कपडे. ही माणसे भयंकर असावीत असे वाटून ती घाबरली, असे तिने पुढे मुलाखतींत सांगितले आहे. प्रत्यक्षात ती माणसे सौम्य आणि मदतीची निघाली. दौऱ्याच्या दिवसांतच निर्वाणाच्या ‘नेव्हरमाइंड’ या तबकडीचे वादळ उठत होते. ती बाहेर पडली होती सप्टेंबर १९९१ मध्ये. जानेवारी १९९२ मध्ये ती अमेरिकेत विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेली. म्हणजे जगातला सर्वांत चर्चेतला बँड होऊ घातलेली ही मंडळी, आणि त्यांच्या आधी रोज रात्री ओसाकाच्या तीन कारकून मुली घरी शिवलेल्या कपड्यांत उभ्या राहून खाऊची गाणी म्हणत होत्या.

१९९२ साली मोठ्या कंपनीने त्यांची ‘लेट्स नाइफ’ ही तबकडी काढली. जुनीच पुष्कळशी गाणी, नव्याने ध्वनिमुद्रित केलेली, काही इंग्रजीत केलेली. १९९४ साली त्या अमेरिकेतल्या लोलापलूझा या फिरत्या महोत्सवात वाजवायला गेल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोबेनने, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आत्महत्या केली.

इथे मला एक गोष्ट खटकते, ती सांगून टाकतो. पाश्चात्त्य प्रेक्षकांचे त्यांच्यावर प्रेम होते, पण त्या प्रेमात सगळेच निर्मळ होते असे नाही. “किती गोड! इंग्रजी कसे मोडकेतोडके!” असे म्हणणारेही होतेच. लहान मुलाने भाषण केले की आपण गालगुच्चा घेतो. भाषणात काय होते ते कोण ऐकतो? बाईच्या कामाचे हे नेहमीच होते, आणि परक्या देशाच्या बाईच्या कामाचे तर विचारूच नका. नाओको गाणी रचते, चाली बांधते, बँड चालवते, हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला. ती मात्र कोणावर रागावल्याचे दिसत नाही. ती पुढची तबकडी काढायला लागते.

जपानात अशा या एकट्याच होत्या, असे मात्र समजू नये. टोकियोत ‘झेल्डा’ हा बायकांचा बँड त्यांच्या आधी, १९७९ सालीच निघाला होता. ‘शो-या’ने १९८५ पासून जोरकस रॉक वाजवले आणि १९८७ साली टोकियोच्या हिबिया उद्यानातल्या खुल्या नाट्यगृहात फक्त बायकांच्या बँडांचा महोत्सव भरवला. ‘प्रिन्सेस प्रिन्सेस’चे ‘डायमंड्स’ हे गाणे १९८९ साली साऱ्या जपानात सर्वाधिक खपले. त्याच वर्षी त्यांनी टोकियोच्या बुडोकानमध्ये कार्यक्रम केला. बुडोकान म्हणजे मुळात ज्यूदोसारख्या मर्दानी खेळांसाठी बांधलेला आखाडा; तिथे १९६६ साली बीटल्स वाजवायला आले तेव्हा, पवित्र जागा बाटली म्हणून ओरड झाली होती. आणि ओसाकातच २००६ साली ‘स्कँडल’ हा चार मुलींचा बँड निघाला; ओसाकाच्या किल्ल्याजवळच्या बागेत उघड्यावर वाजवीत त्या वर आल्या. खपाच्या हिशेबाने यांतल्या कित्येक जणी शोनेन नाइफच्या पुष्कळ पुढे आहेत. शोनेन नाइफ जपानात कधी फार मोठ्या झाल्याच नाहीत. त्यांचे मोठेपण लांबूनच दिसले.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९९९ साली मिचिए बँड सोडून गेली. आत्सुकोने ड्रम सोडून बेस उचलला. अठरा वर्षे एक वाद्य वाजवून मग दुसरे हातात घेणे सोपे नसते. ड्रमवर आलेली माना निशिउरा २००५ साली दुसऱ्या एका बँडबरोबर अमेरिकेत दौऱ्यावर असताना मोटार अपघातात गेली. २००६ साली आत्सुकोही लग्नानंतर अमेरिकेत राहायला गेली. मूळच्या तिघींत नाओको एकटी उरली. चाळिशी उलटलेली, बरोबरीच्या दोघी गेलेल्या. दुसरे कोणी असते तर गिटार खुंटीला टांगली असती आणि कोणी दोषही दिला नसता. नाओकोने वयाने बऱ्याच लहान मुली जमवल्या, त्यांना जुनी गाणी शिकवली आणि पुन्हा गाडीत बसली. २०११ साली, बँडला तीस वर्षे होताना, तिने ‘ओसाका रामोन्स’ नावाची तबकडी काढली. ज्यांना ऐकून आपल्यालाही जमेल असे वाटले होते, त्या रामोन्सची गाणी. पुढे आत्सुकोही बहिणीच्या शेजारी बेस घेऊन परत उभी राहिली. २०२३ साली त्यांची आणखी एक नवी तबकडी आली. नाओकोने तेव्हा साठी ओलांडली होती. गाणी अजून खाण्यापिण्याचीच.

आता माझ्या कर्जाविषयी. हे सगळे वाचत असताना मी त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका कपाटातून काढून पाहिली. तिसऱ्या क्रमांकावर मुलांचा एक वाद्यवृंद होता. त्यांची तालीम मी पाहिली होती, म्हणून सांगतो, त्यांनाही थोडेथोडेच येत होते. त्यांना मी “आधी शिका” म्हणालो नव्हतो. वेळ दिली होती, माइक दिला होता, आणि वर, “पोरं धडपडतात, कौतुक केलं पाहिजे,” असे प्राचार्यांना सांगितले होते. हे करताना माझ्या मनात वाईट काहीच नव्हते. मनात काही आलेच नव्हते, हेच मला जास्त लागले.

त्या तिघींपैकी ती धीट मुलगी आता गावातल्या एका पतसंस्थेत कारकून आहे. मध्यंतरी पासबुक भरायला गेलो असता काउंटरवर भेटली. मी म्हटले, “त्या वेळी तुमचं वाजवायचं राहून गेलं. चूक माझी होती.” ती आधी गोंधळली, मग हसली. म्हणाली, “सर, गिटार दादा घेऊन गेला. मी आता गणपतीत पथकात ताशा वाजवते. संध्याकाळी सुटले की तालीम असते.” मागे रांग लागली होती. तिने पासबुक यंत्रात घातले आणि पुढच्या माणसाकडे पाहिले.

यंदा प्रथम वर्षाच्या चौघी जणी अर्ज घेऊन आल्या. तालमीला जागा हवी होती. भूगोलाची प्रयोगशाळा साडेचारनंतर मोकळी असते. तिची किल्ली त्यांना दिली आहे. शेजारी ग्रंथालय आहे. ग्रंथपालांची पहिली तक्रार मंगळवारी आली.